देणगी वाया गेली म्हणजे काय झाले?

एखाद्याला जन्मतः मोठी देणगी लाभते, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच्या हाती काहीच राहिलेले दिसत नाही. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "वाया गेला." घरात, शाळेत, मंडळीतही हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. परंतु त्याने देणगी घालवली, की त्याच्याकडून ती गेली? या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेतील एका बेसबॉलपटूच्या आयुष्याकडे पाहून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

हा खेळ आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल. क्रिकेटमध्ये कोपर झटकून फेकलेला चेंडू 'नो-बॉल' ठरतो; बेसबॉलमध्ये फेकणे हाच नियम आहे. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो 60 फूट 6 इंचांवरून, म्हणजे आपल्या खेळपट्टीहून किंचित कमी अंतरावरून, 17 इंच रुंदीच्या पाटीवरून जाईल असा चेंडू फेकतो. तोही फलंदाजाच्या गुडघ्यांच्या वर आणि छातीच्या खाली. तेथून गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला किंवा तो मारताना हुकला, तर 'स्ट्राइक'. बाहेरून गेलेला सोडला, तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो. या फुकट चालीला 'वॉक' म्हणतात. मेजर लीग हे या खेळाचे शिखर. तिच्या खाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या आहेत: लहान गावांतील मैदाने, रात्रभराचे बसप्रवास, तुटपुंजा पगार आणि वरून बोलावणे येण्याची आशा. बहुतेकांची कारकीर्द तेथेच सुरू होते आणि तेथेच संपते.

स्टीव्ह डालकॉव्स्की हा त्यांपैकी एक. तो 1939 साली कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन या गावी जन्मला. 1957 साली हायस्कूल संपताच बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने त्याला करारबद्ध केले. मध्यम उंची, डावरा हात, जाड भिंगांचा चष्मा. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसले नसते. पण त्या हातातून सुटणारा चेंडू! पुढे मोठमोठे पिचर पाहिलेल्या कित्येक जाणकारांनी, इतका वेगवान चेंडू आपण दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही, असे सांगून ठेवले आहे. 1958 साली मेरीलँडमधील अ‍ॅबर्डीन येथे लष्कराच्या यंत्रावर त्याची चाचणी झाली, तेव्हा ताशी 93.5 मैल इतका वेग भरला. मात्र त्याच्या आदल्याच दिवशी त्याने सामना खेळला होता आणि पिचरला मिळणारा उंचवटाही त्याला तेथे दिलेला नव्हता; शिवाय यंत्राच्या टप्प्यात चेंडू बसवता बसवता त्याची दमछाक झाली होती.

त्याची सारी अडचण या शेवटच्या वाक्यात आली. चेंडू कोठे जाईल, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. पहिल्याच वर्षी, टेनेसीतील किंग्जपोर्ट येथे, त्याने 62 डावांत 121 फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केले आणि 129 जणांना फुकट सोडले. पाटीमागे बसलेल्या झेलणाऱ्याच्याही हाती न लागलेले चेंडू 39 भरले. 1960 साली कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे 170 डावांत स्ट्राइकवर बाद केलेले 262 आणि फुकट सोडलेलेही 262! हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च असे तंतोतंत जुळलेले क्वचितच पाहावयास मिळतात.

आता "वाया गेला" म्हणणाऱ्यांचे म्हणणे पाहू. त्यांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक, चेंडूवर ताबा नसणे. दुसरी, हाताला झालेली दुखापत. तिसरी, दारू. डालकॉव्स्की पीत असे आणि पुष्कळ पीत असे. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु दारू एकदा दिसली की आपल्याला उरलेले काही पाहावयाची गरज वाटत नाही. सारे गणित तिच्या नावावर मांडून आपण मोकळे होतो.

ताबा नसणे हा काही आळस नव्हता. शिक्षकांनी त्याच्यावर नाना प्रयोग केले. कोणी लाकडी फळीवर नेम धरावयास लावले, कोणी पाटीच्या दोन्ही बाजूंस फलंदाज उभे केले, कोणी हात थकावा म्हणून खेळापूर्वीच भरपूर चेंडू फेकून घेतले. तो सांगितलेले करीत राहिला. उपयोग झाला नाही.

1962 साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्याला अर्ल वीव्हर हा व्यवस्थापक भेटला. वीव्हर स्वतः वर्षानुवर्षे मायनर लीगमध्ये खेळला. खेळाडू म्हणून मेजर लीगचे दार त्याला कधी उघडले नाही. त्याने आपल्या खेळाडूंची बुद्धिचाचणी करविली, आणि या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार सूचना मावत नाहीत, हे ओळखले. तेव्हा त्याने सूचना कमी केल्या. दोनच प्रकारचे चेंडू टाक, पाटीच्या मध्यावर टाक, सगळा जोर लावू नकोस. दोन स्ट्राइक झाल्यावर मी शिटी वाजवीन, मग हवा तेवढा जोर लाव, असेही त्याने सांगितले होते म्हणतात. त्या हंगामात 160 डावांत वॉक 114 वर आले. कारकिर्दीत प्रथमच त्याचे वॉक डावांपेक्षा कमी झाले. आधीच्या सर्वांनी त्याच्या हातात भर घालण्याचा यत्न केला होता. वीव्हरने त्याच्या मनावरचे ओझे उतरविले. शब्बाथशाळेत हुशार मुलाला एकामागून एक पाठांतरे देणाऱ्या आपल्या शिक्षकबंधुभगिनींनी या प्रसंगावर जरूर विचार करावा.

पुढील वसंतात त्याची वर जाण्याची वेळ आली. मेजर लीगच्या गणवेशासाठी मापेही घेतली गेली होती, असे सांगतात. मार्च 1963 मध्ये यँकीज संघाविरुद्धच्या सरावसामन्यात त्याचे डावे कोपर दुखावले. पूर्वीचा वेग पुन्हा आला नाही. दोनतीन वर्षे खालच्याच संघांत काढून त्याचा खेळ संपला. मेजर लीगच्या खऱ्या सामन्यात त्याने एकही चेंडू टाकला नाही. कोपर दुखावले ते दारूने नव्हे. चेंडू फेकणाऱ्याचे कोपर जसे दुखावते, तसेच ते दुखावले.

मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील रुपयांचा दृष्टांत अशा वेळी हटकून आठवतो, आणि अशा माणसाला तिसऱ्या दासाच्या रांगेत बसविण्याची घाई होते. पण तिसऱ्या दासाने रुपये पुरून ठेवले होते. डालकॉव्स्कीने काहीच पुरले नाही. हात निकामी होईपर्यंत तो फेकत राहिला. व्यापार केला आणि त्यात बुडाला, असा चौथा दास त्या दृष्टांतात नाही. धनी त्याला काय म्हणाला असता? मला वाटते, पुरून ठेवणाऱ्याला ऐकावे लागले ते तरी खास म्हणाला नसता. धन्याने रुपये वाटताना ज्याची त्याची कुवत पाहिली होती, हेही आपण विसरतो. ओरिओल्सच्या लोकांनी पाच वर्षे हात पाहिला. माणसाची कुवत पाहिली ती वीव्हरने.

नंतरची वर्षे वाईट गेली. कॅलिफोर्नियातील शेतांवर तो मजुरी करी. लवकर तेथवर पोचावे म्हणून ओळीच्या टोकाला आधीच दारूची बाटली ठेवून तो तोडणीला लागे, असे सांगतात. येथे मात्र "त्याने घालवले" हा शब्द लागू पडतो, आणि तो नाकारून आपण त्याच्यावर काही उपकार करीत नाही. मद्याने त्याची स्मृतीही पुष्कळशी नेली. त्याच्या कहाण्या तेवढ्या चालत राहिल्या. ओरिओल्सच्याच खालच्या संघांतून खेळलेल्या रॉन शेल्टन यांनी 1988 साली 'बुल डरहॅम' हा चित्रपट काढला. त्यातील बेफाम वेगाचा पिचर काहीसा याच्यावरून घेतला आहे. पण तो शेवटी मेजर लीगमध्ये जातो. प्रेक्षकांना दुसरा शेवट रुचला नसता.

1994 साली बहिणीने त्याला न्यू ब्रिटनला परत आणले. तो फार दिवस काढणार नाही, असे त्या वेळी वाटले होते. शुश्रूषागृहात तो त्यानंतर 26 वर्षे जगला, आणि 19 एप्रिल 2020 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी, कोविडच्या साथीत वारला. या 26 वर्षांत त्याच्याजवळ हात नव्हता, वेग नव्हता, आठवणीही थोड्याच होत्या. तरी त्याला भेटावयास लोक येत.

8 सप्टेंबर 2003 रोजी बाल्टिमोरच्या मैदानावर सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकण्यासाठी त्याला बोलावले होते. पाहणाऱ्यांत पॅट गिलिक हा जुना सोबती होता. तोही एके काळी ओरिओल्सच्या खालच्या संघांतला पिचर. खेळाडू म्हणून तोही वर पोचला नाही. पण संघ उभारण्याच्या कामात त्याने नाव मिळविले आणि 2011 साली त्याला हॉल ऑफ फेमचा मान लाभला. वीव्हरला तो 1996 सालीच मिळाला होता. तिघेही मायनर लीगचे. त्या दिवशी मैदानात उतरून चेंडू टाकला तो मात्र डालकॉव्स्कीने.