मूळ भाग आणि मौन

अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली बोयाचा पोकळ धातूगोल दुभागून झाकणाची कोळशाची शेगडी घडविली. त्या जुन्या ‘वेबर’ शेगड्या आज संग्राहक हौसेने घेतात. १९७९ पासून झाकणाच्या झरोक्यावरील चकतीवर वर्षसूचक अक्षर उमटविलेले आढळते. परंतु ते अक्षर फार तर झाकणाची साक्ष देते. खालचे भांडे, पाय, मुठी यांची नव्हे. एकाच साक्षीवरून सर्वांचे वय ठरविणे न्यायाला धरून नाही.

झिजलेला भाग बदलण्यात आम्हांस दोष दिसत नाही. जीर्णोद्धार आपण पुण्यकर्मच मानतो. दोष आहे तो नवा भाग मूळचा म्हणून खपविण्यात. आणि ग्राहकाने विचारलेच नाही तर? कायदा नुसत्या मौनाला सहसा कपट म्हणत नाही. सदसद्विवेकबुद्धी मात्र म्हणते.