कांजी वाचताना ध्वनीचे स्थान

जपानी लेखनात हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिदर्शक अक्षरमाला आणि चिनी लेखनातून आलेली कांजी चिन्हे एकाच वाक्यात नांदतात. या अक्षरमालांना एकत्रितपणे काना म्हणतात. त्यांचे उच्चार जवळजवळ निश्चित असून त्यांचा प्रचलित क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून घडला असल्याने तो मराठी वाचकालाही ओळखीचा वाटतो. कांजीचा उच्चार मात्र असा बांधलेला नसल्यामुळे, ती ध्वनीला वगळून थेट अर्थाकडे नेते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेची क्षमता बाधित झालेल्या काही जपानी रुग्णांत काना-वाचन ढासळूनही कांजी-वाचन बरेचसे टिकते, या निरीक्षणाने त्याला बळही दिले.

तरीही हा निष्कर्ष अपुरा आहे. तैको वायडेल, कॅरलिन पॅटरसन आणि ग्लिन हम्फ्रीज यांच्या १९९३ सालच्या प्रयोगांत, समोरचा कांजी शब्द सांगितलेल्या गटात मोडतो का, एवढेच वाचकांनी ठरवायचे होते. उच्चाराची गरज नसतानाही, गटातील एखाद्या शब्दाशी उच्चाराने जुळणारा पण वेगळ्या अर्थाचा शब्द आला की त्यांची गफलत होई, आणि दोन शब्द दिसायलाही सारखे असले की ती वाढे. अर्थाच्या शोधात रूप आणि ध्वनी दोन्ही जागे असतात, असाच याचा अर्थ.

हा ध्वनी येतो कुठून, याचे उत्तर कांजीच्या रचनेत आहे. बहुसंख्य कांजींत एक घटक अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. निळ्या-हिरव्या रंगाचे चिन्ह पाण्याच्या खुणेजवळ आले की ‘स्वच्छ’ आणि सूर्याच्या खुणेजवळ आले की ‘निरभ्र’ असा अर्थ होतो, पण दोन्हींचा चिनीमूलक उच्चार ‘सेइ’च राहतो. मात्र ही केवळ सूचना असते, कारण ‘जीवन’ सुचवणारे एकच चिन्ह ‘गाकुसेइ’ (विद्यार्थी) या शब्दात ‘सेइ’, ‘इश्शो’ (आजन्म) यात ‘शो’, तर एकटे असताना ‘नामा’ (कच्चे) असे वाचले जाते. ‘मोठा’ आणि ‘माणूस’ ही चिन्हे मिळून होणाऱ्या ‘ओतोना’, म्हणजे प्रौढ, या शब्दाचा उच्चार तर दोन चिन्हांत वाटून देताच येत नाही.

म्हणून कांजीला मूक चित्र मानणे जितके चूक, तितकेच तिच्यात अक्षराचा स्थिर ध्वनी शोधणेही चूक ठरते. काना-लेखनात ध्वनी अक्षराशी बांधलेला असतो, कांजीत त्याचा अंतिम निर्णय शब्द करतो. आणि म्हणूनच कांजी वाचण्याचे कौशल्य चिन्हे पाठ करण्याइतकेच बोलीतल्या शब्दसंपत्तीवर उभे असते.