कापून पाहिलेले सत्य

जिवंत वस्तू कापून पाहिली, तर जे दिसते ते तिचे खरे रूप, की कापण्याला तिने दिलेले उत्तर? वनस्पतींची अंतर्रचना अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांत हा प्रश्न नुसता तर्काचा राहिलेला नाही.

पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत नेणाऱ्या चाळणी-नलिका थिओडोर हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये दाखवून दिल्या. पेशी एकापुढे एक जोडलेल्या आणि मधल्या पडद्यांना चाळणीसारखी भोके. दाबातील फरकामुळे या भोकांतून रस वाहतो, असे एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मधील आपल्या ग्रंथात मांडले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. नमुना कापायचा, रसायनात स्थिर करायचा आणि त्याचे अतिशय पातळ छेद घ्यायचे, ही त्याची रीत. अनेक छेदांत ती भोके प्रथिनाने बुजलेली दिसली. मग रस वाहणार कुठून? यावर कित्येक वर्षे वाद चालला.

१९९८ मध्ये जर्मनीत क्नोब्लाउख आणि फान बेल यांनी बाकला या शेंगवर्गीय वनस्पतीचे पान रोपावरच ठेवले, मुख्य शिरेवरचा वरवरचा थर तेवढा तासला आणि नलिकेला धक्का न लावता सूक्ष्मदर्शकातून पाहिले. रस वाहत होता. नलिकेला इजा करताच मात्र चाळणीपाशी प्रथिन साचले. या नलिकांत मोटारीच्या चाकातील हवेपेक्षाही अधिक दाब असतो. कापताच तो सुटतो आणि रस वाया जाऊ नये म्हणून झाड भोके बुजवते. म्हणजे छेद खोटे नव्हते. त्यांत दिसत होती ती सुरीने केलेली जखम.

म्हणून कापणारे अपराधी ठरत नाहीत. सुरीवाचून हार्टिगलाही चाळणी दिसली नसती. कर्तव्य एवढेच, की ‘छेदात असे दिसले’ आणि ‘झाडात असे असते’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत आणि निष्कर्ष काढताना आपल्या हाताचाही हिशेब धरावा.

हे कर्तव्य प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही. आमच्या सीमाभागात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलाला कुणीतरी दरडावून विचारतो, ‘तू नेमका कुणाचा?’ मूल गप्प होते आणि विचारणारा त्या मौनालाच त्याचा स्वभाव समजतो. दोन्ही भाषा त्याच्यात वाहत असतातच. त्या ऐकायच्या असतील, तर मुलाला अंगणात खेळू द्यावे आणि आपण जरा दूर बसावे.