पडणाऱ्याचा हिशेब

चुकणाऱ्याला शिक्षा झाली नाही तर तो सुधारत नाही, असे आपण सारेच मानतो. घरात, शाळेत, मोहल्ल्यात हाच रिवाज. आम्हीही तो इमानेइतबारे पाळत आलो. संगणकावरच्या एका खेळाने मात्र आम्हाला त्याचा फेरविचार करायला लावले.

खेळाचे नाव म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा. आयर्लंडच्या टेरी कॅव्हना यांनी तो जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. एका अवकाशयानाला अपघात होतो, कप्तानाचे पाच साथी विखुरतात आणि तो त्यांच्या शोधात निघतो. सहाही जणांची नावे व्हीने सुरू होतात. अशा खेळांतले नायक उड्या मारतात; या कप्तानाला उडीच येत नाही. त्याला एकच साधते, गुरुत्वाकर्षण उलटवणे. कळ दाबली की तो छताकडे पडतो, पुन्हा दाबली की जमिनीकडे. कुठे तरी पाय टेकेपर्यंत दुसऱ्यांदा उलटता येत नाही. आणि वाटेत जिथे तिथे काटे.

आमचा धाकटा मुलगा हा खेळ खेळत असे. काटा लागला की कप्तानाचा हसरा चेहरा पडतो आणि क्षणात तो मागच्या चेकपॉइंटवर पुन्हा उभा राहतो. जीव मोजून दिलेले नाहीत. हिशेब मात्र चोख असतो: एकूण किती वेळा मेलात आणि कोणत्या खोलीत सर्वाधिक, हे शेवटी खेळ सांगतो. मुलाने तो आकडा आम्हाला अभिमानाने दाखवला. याच मुलाने आठवड्यापूर्वी गणिताची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी लपवली होती.

आम्ही विचारले, “इथल्या चुका दाखवतोस, मग तिथल्या का लपवल्यास?”

“अब्बा, इथे कुणी ओरडत नाही. लगेच पुन्हा करता येते.”

आम्हाला उत्तर सुचले नाही.

कुणी म्हणेल, माफी इतकी स्वस्त झाली तर मेहनत कोण करील? पण या खेळात काटे कमी केलेले नाहीत. एके ठिकाणी वाटेत गुडघाभर उंचीचा ठोकळा आहे. आपण तो सहज ओलांडू. उडी न येणाऱ्या कप्तानाला काट्यांच्या खोल्यांमागून खोल्या पार करत वर पडत जावे लागते आणि त्याच वाटेने परत येऊन ठोकळ्यापलीकडे उतरावे लागते. मध्ये एकही चेकपॉइंट नाही. पलीकडे असतो तो एक चमकता दागिना. असे २० दागिने खेळात आहेत, पण ते मिळाले नाहीत तरी साथीदारांची सुटका होते. म्हणजे निष्ठुर आहे ती हौसेची वाट. साथीदारांना सोडवण्याची वाटही अवघडच, पण तिच्यावर पडणाऱ्याला पुन्हा उभे राहायला जागोजागी ठिकाणे ठेवली आहेत.

आमच्या व्यवहारात नेमके उलटे आहे. जी वाट प्रत्येकाला चालावीच लागते, तिथेच आम्ही परतीची ठिकाणे ठेवत नाही. दहावीत नापास झालेला मुलगा, लग्न मोडून माहेरी आलेली लेक, पहिल्याच धंद्यात बुडालेला भाऊ यांना आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करतो, आणि वर विचारतो, चूक लपवलीस का?

आयुष्य म्हणजे खेळ नव्हे, हे खरे. आपल्या चुकीने दुसऱ्याला रुतलेला काटा कळ दाबून निघत नाही. त्याची भरपाई करावीच लागते. पण भरपाई करायलाही माणूस आधी उभा राहायला हवा. आणि भीतीने दडवलेल्या चुकीची भरपाई कोण करणार? हिशेब जरूर असावा, पण तो ज्याचा त्याला उघडपणे वाचता यावा.

त्या रात्री आम्ही उत्तरपत्रिका मागून घेतली. पहिले चुकलेले गणित दोघांनी मिळून सोडवले. पुन्हा चुकले. मग तिसऱ्यांदा मांडले.