दुरुस्त बासरीचे खरे मोल

विकणाऱ्याने घेणाऱ्याला किती सांगावे? विचारले तेवढेच, की न विचारलेलेही? नीतिशास्त्रातला हा प्रश्न फार जुना आहे आणि तो केवळ व्यापाऱ्यांचा नाही. घरातली जुनी वस्तू विकण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येते. म्हणून आम्ही येथे एकच उदाहरण घेतो: शंभराहून अधिक वर्षांची, दुरुस्त केलेली एक लाकडी बासरी. तिला परदेशात गिऱ्हाईक मिळाले आहे आणि ती न्हावा शेवा बंदरातून रवाना व्हायची आहे, असे आपण समजू.

बासरी म्हणजे येथे वेळूची नव्हे, तर पाश्चात्त्य बँडमधली, कठीण लाकडाची व धातूच्या चाव्यांची फ्लूट. म्यूनिकच्या थिओबाल्ड बोहम यांनी १८४७ साली धातूच्या दंडगोल नळीची नवी रचना सिद्ध केली आणि पुढे हळूहळू लाकडी फ्लूट मागे पडली. आपल्या समाजात बँडची आणि चर्चमधील गायकवृंदाची परंपरा जुनी असल्याने असे एखादे वाद्य माळ्यावरच्या पेटीत निघाले तर नवल नाही. सुकलेल्या लाकडाला तेल द्यायचे, चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या बदलायच्या, सांध्यांवर नवा दोरा गुंडाळायचा, हे कौशल्याचे आणि सबुरीचे काम. त्याचे दाम मागण्यात गैर काहीच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटले आहे, की वस्तू सुधारून अधिक किमतीला विकणारा आपल्या श्रमाचा मोबदलाच घेत असतो.

अडचण येते ती झाकलेल्या गोष्टींची. अशा अनेक वाद्यांत मुखाकडच्या लाकडाच्या आत धातूची नळी असते. लाकूड सुकून आकसते, धातू तसा आकसत नाही. म्हणून तेथे तडा जातो. कसबी कारागीर तो असा बुजवतो, की नजरेला पडू नये. त्यातच उरणच्या खाडीकाठची पावसाळी दमट हवा लाकूड फुगवते आणि तडा मिटलेला राहतो. तीच बासरी थंड देशातल्या, हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोलीत गेली, की तो पुन्हा उघडण्याची भीती असते. दुसरी गोष्ट सुराची. आज स्वरमेळासाठी ‘ला’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये तो ४५० च्याही वर चढला होता. त्या काळच्या उंच सुराची फ्लूट दिसायला सुरेख असेल, पण आजच्या ऑर्गनबरोबर ती जुळणार नाही. सांधा ओढून लांबी वाढवली तर सूर उतरतो खरा, परंतु छिद्रांची आपसातली प्रमाणे बिघडतात. शोभेची वस्तू म्हणून घेणाऱ्याचे यात काही जात नाही. वाजवण्यासाठी घेणारा मात्र फसतो.

सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एका व्यापाऱ्याचे उदाहरण दिले आहे. दुष्काळ पडलेल्या ऱ्होड्‌स बेटावर तो धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक असते. ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरोचे मत स्पष्ट आहे: त्याने लपवू नये. संत थॉमस येथे थोडा वेगळा विवेक करतात. पुढे काय घडेल ते न सांगणे हा न्यायाचा भंग नव्हे, पण सांगणे हा अधिक मोठा सद्‌गुण. मात्र वस्तूतच दोष असेल तर गोष्ट निराळी. एका डोळ्याने आंधळा असलेला घोडा साऱ्यांनाच दिसतो. किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर मुद्दाम सांगण्याचे बंधन नाही. परंतु दोष दडलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. बुजवलेला तडा आणि न जुळणारा सूर हे दोन्ही दडलेले दोष होत. “घेणाऱ्याने पारखून घ्यावे” ही म्हणणी ज्याला पारखता येते त्याच्यापुरती ठीक. सात समुद्रांपलीकडचा माणूस पारखणार कशाने? त्याच्याजवळ असतो तो केवळ आपला शब्द.

व्यवहारात एका पक्षाला कमी माहीत असले म्हणजे काय होते, हे या किनाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. बंदर आणि नवे शहर यांसाठी येथील शेतजमिनी गेल्या. न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. बंदर सुरू झाले ते २६ मे १९८९ रोजी. मोल ठरवणे हा निव्वळ हिशेब नसतो, हे त्या मातीला ठाऊक आहे.

याच बंदरात आपल्या बासरीची दुसरी परीक्षा होते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून कमी वय नसलेल्या, कारागिरीच्या वस्तूही येतात. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. बासरीला हस्तिदंती कडे असेल तर वन्यजीव संरक्षण कायदाही आडवा येतो. मग मोह होतो तो असा: गिऱ्हाइकाला सांगायचे “दीडशे वर्षांची दुर्मीळ वस्तू” आणि सीमाशुल्काच्या कागदावर लिहायचे “हस्तकलेचे नवे वाद्य”. एका वस्तूची दोन वये! दररोज हजारो कंटेनर हाताळणाऱ्या बंदरात प्रत्येक पेटी कोण उघडणार, हा हिशेब त्यामागे असतो. पण पेटी उघडली जात नाही, म्हणूनच तर कागदावरच्या शब्दाला किंमत आहे. ज्याने एकाला खरे वय सांगून पैसे घेतले आणि दुसऱ्याला खोटे सांगून वाट काढली, त्याच्या पहिल्या खरेपणालाही अर्थ उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, अशाने विक्रीच व्हायची नाही. काही वेळा होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. शंका असेल तेथे पुरातत्त्व खात्याचा निर्वाळा घ्यावा. तो प्रतिकूल आला तर बासरी देशातच राहील. कदाचित कमी पैशांत एखाद्या शिकाऱ्या मुलाच्या किंवा संग्रहालयाच्या हाती पडेल. तरीही तिच्या पेटीत एक चिठ्ठी असावी: तडा कोठे होता, कशाने बुजवला, कोणती गादी नवी, कोणते कडे बदलले, सूर किती उंच आहे. ती चिठ्ठी वाचून घेणाऱ्याने दर पाडून मागितला, तर तोच त्या बासरीचा खरा दर होय.