लक्ष कुणाचं?

सिगारेट सुटली की छाती मोकळी होते, हे सगळेच सांगतात. लक्ष उडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करते. ऱ्हस्व-दीर्घ, गळलेले अनुस्वार, चुकून दोनदा पडलेली ओळ शोधणं हीच माझी नोकरी. वय सव्वीस. दिवाळी अंकांचं काम अंगावर असताना मी सिगारेट सोडली, आणि पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वर काय वाचलं ते आठवेनासं झालं. अक्षरं दिसत, वाक्य लागत नसे. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि तो तब्येतीचा नाही. नारायण पेठेतल्या टपरीवर सुटी सिगारेट ओढून आल्यावर जे लक्ष लागायचं, ते माझं होतं का?

शरीरशास्त्राचं उत्तर सरळ आहे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन धरून ठेवणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड होते, झोप मोडते, लक्ष लागत नाही. म्हणजे सकाळच्या पहिल्या सिगारेटने येणारी तरतरी बरीचशी रात्रभराची तूट भरून निघाल्याची होती. बरीचशी म्हणते, सगळी नाही. कधीच न ओढणाऱ्यांचं लक्षही निकोटिनने थोडं सुधारतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. हे लपवून व्यसनमुक्तीची भाषणं करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. खरं काय ते सगळं कळूनही सिगारेट सोडता आली पाहिजे.

त्या दिवसांत पतंजलींची योगसूत्रं हाताशी होती. पहिल्या पादात त्यांनी चित्ताला विचलित करणाऱ्या अडथळ्यांची यादी दिली आहे. तिची सुरुवात आजारपणापासून होते. मग सुस्ती, संशय, आळस, विषयांचा ओढा असं पुढे. आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यांच्यासोबत येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत: दुःख, खिन्नता, अंगाला कंप, श्वासाची ओढाताण. माझ्या पहिल्या आठवड्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलं नव्हतं. निश्चय कच्चा आहे, मन खंबीर नाही, असं मला जवळच्यांकडून ऐकावं लागत होतं. पतंजलींनी मात्र शरीराला यादीत पहिलं स्थान दिलेलं. त्यानंतर औषधाच्या दुकानातून दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम आणताना मला अजिबात कमीपणा वाटला नाही.

गीता मात्र इतक्यावर सोडत नाही. दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे की विषयांचं सेवन थांबवणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी तशीच राहते. यावर ज्ञानेश्वर दृष्टान्त देतात तो वरवर पालवी खुडणाऱ्याचा आणि मुळाशी पाणी घालत राहणाऱ्याचा. माझ्या बाबतीत ते मूळ तंबाखूत नव्हतंच. हवं तेव्हा, हवं तसं मन हजर करून घ्यायची सवय, हे ते मूळ. कंटाळा आला, टपरी. वाक्य अडलं, टपरी. घरून फोन आला आणि घसा दाटला, तरी टपरीच. मनाने स्वतःच्या चालीने यावं, रेंगाळावं, उदास व्हावं, याला मी वर्षानुवर्षं सवडच दिली नाही. सिगारेट गेल्यावर ही मागणी उरली आणि तिने ध्यानाकडे मोर्चा वळवला. डोळे मिटून बसायचं ते उठल्यावर प्रुफं नीट वाचता यावीत म्हणून. ध्यान साधलं की नाही याचा हिशेब मी सापडलेल्या अनुस्वारांवर करू लागले. ध्यानाला कामाचा वेग वाढवण्याचं साधन म्हणून विकणारे जे आहेत, त्यांच्यावर माझा हाच आक्षेप आहे: ते मुळालाच पाणी घालतात.

माझी आजी साताऱ्याकडच्या गावी असते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिसरी ती सकाळी दातांना लावते आणि संध्याकाळी विठोबाच्या देवळात हरिपाठाला जाते. मी सोडल्याचं ऐकून तिने कानशिलावर बोटं मोडली. तिच्या मिसरीचं काय, विचारलं तर म्हणाली, ‘‘ती लावल्याबिगर डोस्कं चालत न्हाई बाई. मग देवाचं नाव कसं घ्यायचं?’’ हा माझाच प्रश्न होता, फक्त तिने तो देवापर्यंत नेला होता. तिचं नामस्मरणही तंबाखूच्या आधाराने उभं आहे का?

मी तिच्या शेजारी हरिपाठाला बसले आहे. तिचं मन तिथे अखंड नसतं. ती पोरांना दटावते, सुनेला काहीतरी खुणावते, मधेच पायऱ्यांवरच्या चपलांकडे बघते. पण टाळ चालू असतात. तिची ओळ सुटली तर शेजारणीच्या तोंडात ती असतेच, आणि पुढच्या ठेक्याला आजी पुन्हा आत येते. लक्ष एकटीने पेलून धरायचा भार त्या देवळात कुणावरच टाकलेला नाही. मिसरी सकाळची; संध्याकाळी तिला परत आणतात ते टाळ आणि या बाया.

निसर्गदत्त महाराज मी याच काळात वाचले. मुंबईत विड्यांची दुकानं चालवलेला, खेतवाडीतल्या घरी येणाऱ्यांशी मराठीत बोलणारा हा सत्पुरुष स्वतः विडी ओढत असे आणि १९८१ साली घशाच्या कर्करोगाने गेला. त्यांच्या विडीकडे बोट दाखवून आपली चालू ठेवणं मला मान्य नाही. त्यांच्याकडून मी घेतलं ते वेगळं: मन विखुरलंय हे ज्या जाणिवेला कळतं, ती स्वतः विखुरलेली नसते. रात्री तल्लफ यायची तेव्हा या विचाराला धरून मी बसत असे आणि तल्लफ येऊन जात असे. तरी माझी एक हरकत शिल्लक राहते. नुसत्या साक्षीला अनुस्वार दुरुस्त करता येत नाही. फर्मा छपाईला जायचा असतो, कुणाची तरी वर्षाची मेहनत त्यात असते. तिथे कुणीतरी खरोखर लक्ष द्यावंच लागतं.

म्हणून आमच्या कचेरीत आम्ही दोघींनी जुनी पद्धत परत आणली. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसरीने प्रुफावर पट्टी धरून ओळ न् ओळ पाहायची. माझ्याबरोबरच्या ताई यात मुरलेल्या आहेत. माझी पट्टी थबकली की त्यांना कळतं, त्या वाक्य मागून घेतात. त्यांचा आवाज बसला की मी वाचते. तल्लफ आली तर तसं सांगते. कधी त्या थांबतात, कधी वाचतच राहतात. या कामात लागतं ते लक्ष माझ्या एकटीचं म्हणता येणार नाही, पण त्यात जेवढी मी आहे तेवढी टपरीवरून परतताना नसायचे. रात्री खोलीवर प्रुफं आणावी लागतात तेव्हाही मी मोठ्यानेच वाचते. शेजारच्या खोलीतल्या मुलीने आधी तक्रार केली होती. हल्ली तिचा अभ्यास संपला की ती येते आणि मूळ प्रत हातात घेऊन बसते.