पंचनाम्याआधीचा कागद

मराठवाड्यात पीक हातचे गेले की दोन ठरलेली वाक्ये ऐकू येतात. पहिले : शेतकऱ्यांचे समुपदेशन करा. दुसरे, त्याला तडक उत्तर : समुपदेशन नको, भाव द्या. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूम पट्ट्यात पुराने पिकाबरोबर शेतातली मातीही नेली, तेव्हाही हीच जुगलबंदी रंगली. टाळ्या दोन्ही बाजूंना मिळतात. सरकारी दवाखान्यातला केसपेपर मात्र दोघांपैकी कोणीच उघडत नाही.

उघडला तर काय दिसेल? कळंब तालुक्यातला पंचेचाळिशीचा एखादा सोयाबीनवाला डोळ्यांसमोर आणा. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, म्हणून तो ग्रामीण रुग्णालयात येतो. बाहेर रांग, आत एकच डॉक्टर. कागदावर उमटते ते ‘अशक्तपणा, अंगदुखी’. बी-कॉम्प्लेक्स, एक वेदनाशामक, फार तर झोपेची गोळी. महिन्याभरापूर्वी बँकेची नोटीस आली आणि त्या रात्रीपासून झोप उडाली, हे तो सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

हाच माणूस जिवाचे बरेवाईट करून बसला, तर कागदांना तोटा नाही. सातबारा, आठ-अ, बँकेचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, तहसीलदारांचा अहवाल. नापिकी, न फिटलेले कर्ज, वसुलीचा तगादा या कसोट्यांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. २००५-०६ च्या शासन निर्णयांनी वारसांसाठी १ लाख रुपयांची मदत ठरवली : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. म्हणजे संकटाचा तपशील टिपून घेणे शासनाला जमत नाही असे नाही. ते जमते, पण माणूस गेल्यावर.

जिवंतपणी तो टिपायची सोय जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात केव्हाची आहे. आयसीडी-१० मधला एफ ४३.२ हा संकेतांक समायोजन विकाराचा. आयुष्यात मोठा आघात किंवा बदल झाला, त्यानंतर साधारण महिन्याभरात मन आणि दिनक्रम ढासळू लागला, तर हे निदान. आयसीडी-११ मध्ये तेच ६बी४३ झाले. ‘कुठेच न बसणाऱ्या रुग्णांची अडगळ’ म्हणून काही मनोविकारतज्ज्ञ त्याला नाक मुरडतात; अडगळ झाली असेल तर ती अर्धवट लिहिणाऱ्यांनी केली आहे. विम्याच्या भानगडीपायी हे संकेतांक निघाले, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

उत्तर द्यायला हवे ते तिसऱ्या, अधिक वजनदार मताला. शेतकऱ्याचे दुःख आर्थिक आहे, त्याला आजाराचे नाव देणे म्हणजे धोरणाचा गुन्हा रुग्णाच्या डोक्यावर फोडणे, असे हे मत. पुरोगामी वर्तुळात ते जवळजवळ श्रद्धेसारखे बाळगले जाते. किल्लारीचा भूकंप, २०१५ मध्ये धाराशिव आणि यवतमाळमध्ये सुरू झालेले बळीराजा चेतना अभियान, आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प हा सारा इतिहास या मताचे लोक पुरावा म्हणून मांडतात : समुपदेशक आले, भाव आला नाही. यातले अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे मात्र संकेतांक न वाचता केलेले आहे. नैराश्याचे, एफ ३२ चे निदान बाहेरच्या कारणाचा उल्लेख न करताही करता येते. एफ ४३ च्या गटाचे तसे नाही. इथे घटना नाही तर निदान नाही. डॉक्टरला नोटीस, पूर, मृत्यू, काहीतरी लिहावेच लागते आणि त्याची तारीखही. शिवाय त्याच कागदावर झेड ५९ लिहायची मुभा आहे. राहते घर आणि आर्थिक परिस्थिती यांच्याशी निगडित अडचणींचा तो संकेतांक, आणि तो आजारही नव्हे. ज्या निदानात कर्जाला जागा आहे, त्याच निदानावर कर्ज झाकल्याचा आरोप व्हावा, हे अजबच.

मग कायद्याचा दाखला दिला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ सांगते की आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून कोणालाही मनोरुग्ण ठरवू नये. बरोबरच आहे. पण गरीब असणे ही स्थिती झाली. १० तारखेला नोटीस येणे आणि २५ पासून माणूस शेतात जायचा थांबणे हा घटनाक्रम झाला. कायदा पहिल्यावरून निदान करायला मनाई करतो, दुसरा लिहायला नाही.

खरा घोळ कारण ठरवणे आणि घटना नोंदवणे यांची गल्लत करण्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रत्येक आत्महत्येला एकेक कारण देतो. २०२२ च्या अहवालात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के. एका रकान्यात गेलेला माणूस दुसऱ्यातून वजा होतो. कर्जापायी घरात रोज भांडण होत असेल, तर तो कौटुंबिक की कर्जबाजारी? जिल्हा समितीपुढेही हाच पेच, आणि तिथे उत्तरावर पैसे अवलंबून. आजाराचे नाव कर्जाला गिळून टाकील ही टीकाकारांची भीती या एकरकानी कागदांबाबत रास्त आहे. केसपेपर एकरकानी नाही. त्याला ‘का’ सिद्ध करायचे नसते. काय झाले, कधी झाले, तेव्हापासून काय जमेनासे झाले, एवढेच त्याला हवे असते.

एक अडचण मात्र मान्य करावी लागेल. आयसीडी-१० नुसार समायोजन विकाराची लक्षणे सहसा सहा महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. अपवाद दोन वर्षांपर्यंत रेंगाळणाऱ्या नैराश्य-प्रतिक्रियेचा. अमेरिकेची डीएसएम-५ पद्धत सहा महिने मोजते ते आघात आणि त्याचे परिणाम संपल्यानंतर. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ते संपतात कधी? जुने कर्ज नवे करून मिळते, व्याज मुदलात जाते, तोवर पुढचा खरीप येतो. पहिल्या भेटीत घटनेची तारीख लिहिलेली नसेल, तर आठव्या महिन्यात आलेला रुग्ण जुन्याच आघातात अडकला आहे, नव्याने कोसळला आहे, की आता त्याला नैराश्याचेच निदान द्यायला हवे, हे नव्या डॉक्टरला कशावरून कळावे?

कीटकनाशक पिऊनही वाचलेल्या रुग्णाच्या कागदांत ही उणीव सर्वांत उघडी पडते. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते, पोलिसांना वर्दी जाते, ॲट्रोपिन चालू होते. विषबाधेला टी ६०, हेतुपुरस्सर घेतल्याला एक्स ६८. शुद्धीवर आला, डिस्चार्ज. या दोन संकेतांकांतून काय प्यायला आणि मुद्दाम प्यायला, एवढे कळते. प्यायच्या आधीच्या महिन्यात काय घडले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहायला दोन ओळी पुरतात. त्याच कार्डावर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीची तारीख घातली आणि गावच्या आशाताईंना ती कळवली, तर तो आला की नाही हे निदान विचारता येईल.